चित्रकलेचा तास

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शाळेच्याच हॉलमध्ये शोकसभा झाली होती. जे जे बोलायला उभे राहिले त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाने एक वाक्य म्हटलं, की सर शाळेत अडकले नसते तर मोठे चित्रकार झाले असते. एकजण तर म्हणाले, शाळेने सरांमधला चित्रकार खाल्ला. मीही मान डोलावली. ते वाक्य मला तेव्हा खरं वाटलं होतं, शिवाय त्यात सरांचा गौरव आहे असंही वाटलं होतं.

पुढे हेच वाक्य एका अगदी परक्या माणसाबद्दल माझ्या कानावर आलं आणि मी अडखळले. तो माणूस म्हणजे कॅनडाचा चित्रकार आर्थर लिस्मर. त्याच्याबद्दलच आज लिहायचं आहे.

माझा पुतण्या टोरांटोला असतो. त्याच्याकडे गेले होते तेव्हा त्याने मला तिथल्या मोठ्या कलादालनात नेलं, आर्ट गॅलरी ऑफ ऑंटारियोमध्ये. तिथे 'ग्रुप ऑफ सेव्हन' म्हणून सात चित्रकारांचा मोठा बोलबाला आहे. आपल्याकडे १९४७च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपची नावं जाणकारांनाच ठाऊक असतात. तिथे या सात जणांची नावं शाळकरी पोरंही घेतात. या सातांत लॉरेन हॅरिस, ए. वाय. जॅक्सन यांचा मान मोठा. लिस्मरची पाळी आली की जरा हळहळ ऐकू येते. हाताला ताकद होती हो, पण आयुष्य शिकवण्यात गेलं, चित्रं काढायला सुट्टीतले दिवस तेवढे उरले, अशा अर्थाचं काहीतरी. मला एकदम आमच्या हॉलमधली ती सभा आठवली. परत आल्यावर मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

लिस्मर जन्माने कॅनेडियन नाही. तो १८८५ साली इंग्लंडमध्ये शेफील्डला जन्मला. तेराव्या वर्षी त्याला तिथल्या कलाशाळेची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्याच सुमाराला छपाईचे ब्लॉक करणाऱ्या कंपनीत तो उमेदवार म्हणून लागला. दिवसा काम, संध्याकाळी शाळा, अशी सात वर्षं गेली. मग वर्ष-दीड वर्ष बेल्जियममध्ये अँटवर्पला शिकला. १९११ साली पोट भरायला कॅनडात आला आणि टोरांटोत ग्रिप नावाच्या व्यावसायिक चित्रकामाच्या कंपनीत लागला. जाहिराती, पुस्तकांची सजावट, असली कामं. तिथेच त्याला टॉम थॉमसन, जे. ई. एच. मॅकडोनल्ड वगैरे मंडळी भेटली. आठवडाभर कंपनीत मान मोडून काम करायचं आणि सुट्टी मिळाली की रंगाची पेटी घेऊन जंगलात, तळ्याकाठी जायचं, हा त्यांचा नाद. पुढे ज्या चित्रांना राष्ट्रीय चित्रं म्हटलं गेलं त्यांची सुरुवात अशी सुट्टीतली आहे. म्हणजे लिस्मरकडे चित्रांसाठी सुट्टीच उरली हे खरं असलं, तरी सुरुवातीला त्याच्या मित्रांपैकी बहुतेकांकडेही तेवढीच होती.

१९१६ साली तो हॅलिफॅक्स या बंदराच्या गावी व्हिक्टोरिया स्कूल ऑफ आर्ट अँड डिझाइनचा मुख्याध्यापक होऊन गेला. इथे मी नगर जिल्ह्यातली असल्यामुळे मला थांबलंच पाहिजे. ही शाळा १८८७ साली ज्यांच्या पुढाकाराने निघाली त्यांत एक बाई होत्या, ॲना लिओनोवेन्स. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली इंग्रज शिक्षिका, जिच्यावर पुढे 'द किंग अँड आय' नाटक आणि सिनेमा निघाला, त्याच या बाई. त्यांचा जन्म १८३१ साली आमच्या अहमदनगरला (आता अहिल्यानगर) झाला आणि लग्न १८४९ साली पुण्यात. बाईंनी हे जन्मभर लपवलं. आपण वेल्समध्ये जन्मलो असं त्या सांगत राहिल्या. आईच्या बाजूने हिंदुस्थानी रक्त असावं, हे त्या काळच्या गोऱ्या समाजात सांगण्यासारखं नव्हतं. लिस्मर हॅलिफॅक्सला पोचण्याच्या आदल्याच वर्षी त्या मॉन्ट्रियलला वारल्या. त्या शाळेचं आता विद्यापीठ झालं आहे आणि तिथल्या कलादालनाला ॲनाबाईंचं नाव आहे. नगरच्या मुलीने काढलेल्या शाळेवर लिस्मर पहिल्यांदा मुख्याध्यापक झाला याचा मला उगाचच आनंद झाला. असो.

शाळेची स्थिती बेताची होती. विद्यार्थी अगदी थोडे. लिस्मरने जाऊन काय केलं, तर शनिवारी सकाळी लहान मुलांचे वर्ग काढले आणि गावातल्या लोकांसाठी व्याख्यानं, प्रदर्शनं सुरू केली. महायुद्ध चालू होतं. ६ डिसेंबर १९१७ला बंदरात दारूगोळ्याने भरलेल्या एका जहाजाची दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन स्फोट झाला, गावाचा उत्तर भाग भुईसपाट झाला, सुमारे दोन हजार माणसं गेली. लिस्मरने त्या विध्वंसाची रेखाटनं केली. त्याच बंदरातली त्याची युद्धकाळातली चित्रं पाहिली की नवल वाटतं. शत्रूच्या पाणबुड्यांना नेमका अंदाज येऊ नये म्हणून तेव्हा जहाजांवर वेडेवाकडे पट्टे रंगवत. परतलेल्या सैनिकांना घेऊन आलेल्या 'ऑलिम्पिक' जहाजाचं त्याचं १९१९चं चित्र आहे. ('टायटॅनिक'चं हे भावंडं जहाज.) इतकं मोठं जहाज, अंगभर पट्ट्यांची नक्षी, आणि सैनिकांनी गच्च भरलेलं. लहान मुलाने रंगवावं तसं ते जहाज दिसतं. मुलांचे वर्ग घेणाऱ्या माणसाच्या नजरेला ते भावलं असणार, असं मला आपलं वाटतं.

१९१९ साली तो टोरांटोला परत आला, तिथल्या कला महाविद्यालयाचा उपप्राचार्य म्हणून. १९२०च्या मे महिन्यात सात जणांनी आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं. त्यानंतर १९२१चं त्याचं 'सप्टेंबर गेल' हे चित्र. जॉर्जियन बे या भागातल्या खडकाळ किनाऱ्यावर वादळी वाऱ्याने वाकलेलं एक पाइनचं झाड, खाली फेसाळलेलं पाणी. याच जागेचं, त्याच सहलीवरून परतल्यावर काढलेलं त्याच्या मित्राचं, व्हार्लीचंही चित्र आहे. तेही प्रसिद्ध आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. व्हार्लीचं चित्र जास्त देखणं आहे, त्यात उजेड आहे. लिस्मरचं झाड मात्र लाकडासारखं जड आणि हट्टी आहे. वाऱ्याने त्याला वाकवलंय आणि त्याने पाय सोडलेले नाहीत. मला लिस्मरचं आवडलं. या सर्वांच्या चित्रांत माणूस दिसत नाही, आणि तिथले मूळ रहिवासी तर नाहीतच, जणू ती भूमी ओसाडच होती, अशी टीका हल्ली कॅनडात होते. ती रास्त आहे. लिस्मर तिथे आला तेव्हा त्या किनाऱ्यावर लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले त्या शनिवारच्या वर्गांकडे वळते.

१९२७ साली त्याने मतभेदांमुळे महाविद्यालय सोडलं आणि टोरांटोच्या कलादालनात (जे मी पाहिलं तेच, तेव्हा त्याचं नाव आर्ट गॅलरी ऑफ टोरांटो होतं) शिक्षणविभाग हातात घेतला. कार्नेगी संस्थेचे पैसे मिळाले आणि शनिवारी सकाळी शेकडो मुलं त्या दालनात येऊ लागली. त्या वर्गांचे फोटो आहेत. भिंतींवर मोठमोठी चित्रं आणि फरशीवर सगळीकडे मुलं, कोणी पालथी पडलेली, कोणी गुडघ्यांवर, समोर मोठाले कागद. नेमून दिलेलं चित्र गिरवायचं नाही. दहा जणांनी मिळून एक लांबलचक चित्र करायचं. वर्षाकाठी मुलांनीच पोशाख, मुखवटे करून मधल्या चौकात मिरवणुकीसारखा खेळ करायचा. १९३३ साली दालनाला लागून असलेल्या 'द ग्रेंज' या जुन्या घरात मुलांचं कलाकेंद्रच निघालं. ते घर आजही उभं आहे. समोरच्या बागेत बाकावर बसून मी त्याच्याकडे बराच वेळ पाहत होते. पुतण्याला वाटलं माझे पाय दुखताहेत.

यात विशेष काय, असं आजच्या तरुण शिक्षकांना वाटेल. विशेष कळायला आधीचं काय होतं ते माहीत हवं. लिस्मर लहानपणी ज्या पद्धतीत शिकला ती लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनहून ठरून आलेली. भूमितीच्या आकृत्या, नक्षीच्या नकला, प्लॅस्टरच्या ठोकळ्यांवरून छायाप्रकाश, इयत्तांमागून इयत्ता. कारखान्यांना नक्षीकाम करणारे हात हवेत, हा त्यामागचा हिशेब. तीच पद्धत बोटीत बसून मुंबईला जे. जे. स्कूलमध्येही आली. आपल्याकडच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे सगळं आठवत असेल. ती परीक्षा वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांना त्यातून हात मिळाला, दहावीला वाढीव गुण मिळाले. पण त्या पद्धतीत मुलाला काय दिसतं हा प्रश्न कुणी विचारत नाही. घडा बरोबर आला की नाही, एवढंच पाहतात. लिस्मर स्वतः त्या चरकातून निघालेला. व्हिएन्नाच्या फ्रान्झ चिझेकने मुलांना मोकळं सोडून काढून घेतलेली चित्रं तोवर जगभर गाजत होती, त्याचाही लिस्मरवर परिणाम होताच. पण मला वाटतं, सात वर्षं ब्लॉकच्या कंपनीत आणि रात्रशाळेत घालवलेल्या माणसालाच हे नेमकं कळलं असेल, की हात तयार करणं आणि डोळे उघडणं ही दोन वेगळी कामं आहेत.

यातून चित्रकार निघावेत असा त्याचा आग्रहच नव्हता. शिंप्याच्या, बँकेतल्या कारकुनाच्या पोराने आठवड्यातून दोन तास नीट पाहावं, इतकंच. म्हणून त्याच्या कामाची मोजदाद करता येत नाही. त्याचे किती विद्यार्थी नावारूपाला आले असं विचारणाऱ्याला प्रश्नच समजलेला नाही.

पुढची धावपळ थोडक्यात सांगते. १९३६-३७मध्ये वर्षभर दक्षिण आफ्रिकेत, मग ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडात व्याख्यानं, १९३८-३९मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात, नंतर थोडे दिवस ओटावाच्या नॅशनल गॅलरीत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला तो मॉन्ट्रियलला आला आणि तिथेच स्थिरावला. पुन्हा कलादालन, पुन्हा मुलांचं केंद्र. शिवाय मॅकगिल विद्यापीठात वास्तुशास्त्राच्या मुलांना रेखाटन शिकवायचं. १९६७पर्यंत तो शिकवत होता. म्हणजे वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत! आपल्याकडे अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ देतात. त्याच वर्षी त्याला देशाचा मोठा सन्मान मिळाला. १९६९च्या मार्चमध्ये तो गेला.

मग हळहळ करणाऱ्यांचं काय? त्यांचं सगळंच चूक आहे असं म्हणणं म्हणजे शिक्षकांनी शिक्षकांची पाठ थोपटणं होईल. हॅरिस घरचा श्रीमंत होता, त्याला वेळ होता, त्याची चित्रं वळणं घेत घेत कुठल्या कुठे गेली. लिस्मरच्या चित्रांत तसा लांबचा प्रवास दिसत नाही. सभा, अहवाल, अनुदानाचे अर्ज यांत जे तास गेले ते गेलेच, ते परत कुठून येणार? पण १९५१पासून जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यात तो व्हँकुव्हर बेटावरच्या लाँग बीचवर जाऊन राहायचा. पासष्टी उलटलेला माणूस देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊन काय काढत होता? झाडांची मुळं, बुंध्यांचा गुंता, वाहून आलेले ओंडके, जंगलाच्या पायाशी जे असतं ते. १९२१चं ते मोठं वादळ, दूरवरचं क्षितिज, हे तिथे नाही. खाली बसून, जवळून पाहिलेलं आहे. फरशीवर पालथ्या पडलेल्या मुलांमध्ये तीस वर्षं वावरलेल्या माणसाची नजर खाली उतरली, असं मला म्हणावंसं वाटतं. जाणकार हसतील कदाचित. मी चित्रकलेतली नाही, मराठी शिकवणारी बाई. तिथल्या एका किनाऱ्याला आता लिस्मर बीच म्हणतात.

शिकवण्याने त्याच्यातला चित्रकार खाल्ला, हे मला पटत नाही. शिकवणं हेच त्याचं मोठं काम होतं आणि चित्रांनाही त्यातून काही मिळालं. पण हे कबूल केल्यावर आमच्या सरांचा प्रश्न जास्तच टोचायला लागला. कारण त्यांना तर काहीच मिळालं नाही.

लिस्मरला शनिवारची अख्खी सकाळ मिळाली, दालन मिळालं, पैसे मिळाले, हाताखाली तरुण शिक्षिका मिळाल्या. सरांना काय मिळालं? वर्गात साठ-पासष्ट मुलं आणि पस्तीस मिनिटांचा तास. उरलेल्या वेळात संमेलनाचा पडदा, पाहुण्यांच्या स्वागताचा फलक, रोजचा सुविचार, पाचशे प्रमाणपत्रांवर सुबक अक्षरात नावं. निवडणूक आली की निवडणुकीचं काम, जनगणना आली की जनगणना. आणि जो तास होता तोही त्यांच्याकडे राहू दिला नाही. इंग्रजीवाले, गणितवाले, आणि मी. परीक्षा जवळ आली की मी स्टाफरूममध्ये सरांसमोर उभी. "सर, व्याकरण राहिलंय, आजचा तास द्याल का?" ते म्हणायचे, "घ्या बाई." कधी नाही म्हणाले नाहीत. मला वाटायचं त्यांना बरंच वाटत असेल, तेवढीच विश्रांती.

एकदाच त्यांना शनिवारची सकाळ मिळाली होती. आम्ही बरेचजण निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेलो होतो, म्हणून दोन वर्ग एकत्र करून त्यांच्याकडे दिले होते. सरांनी जुन्या तक्त्यांच्या कोऱ्या बाजू एकाला एक चिकटवल्या, हॉलमध्ये अंथरल्या आणि मुलांना गावचा आठवड्याचा बाजार काढायला सांगितला. सोमवारी आम्ही आलो तर वीसेक फुटांचा बाजार भिंतीवर लागलेला. कोंबड्या बैलांएवढ्या, भाजीवाल्या बाया निळ्या-जांभळ्या, एका कोपऱ्यात पोलीसदादा भजी खाताना. मी सहावीच्या एका पोराला म्हटलं, अरे, मेथी कधी लाल असते का? तो गप्प झाला. सर तिथेच उभे होते, काही बोलले नाहीत. आठवड्याने तपासणीला साहेब यायचे होते म्हणून ते चित्र काढून ठेवलं आणि तिथे पुन्हा राष्ट्रपुरुषांचे फोटो लावले.

हे सर लिस्मरच्या वर्गांबद्दल काही ऐकून होते असं मला वाटत नाही. त्यांना ते आपोआप सुचलं होतं. शोकसभेत यातलं कुणीच काही बोललं नाही. सगळे त्यांनी न काढलेल्या चित्रांबद्दल बोलले. शाळेने त्यांच्यातला चित्रकार खाल्ला की नाही मला ठाऊक नाही. त्यांच्यातला शिक्षक मात्र आम्ही खाल्ला, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे घास करून. लिस्मरच्या गोष्टीतून मला जे कळलं ते हे, आणि ते सरांच्या हयातीत कळलं नाही.

लिस्मरला एक खोड होती. सभेत, जेवणाच्या टेबलावर, हाताला लागेल त्या कागदावर तो समोरच्यांची अर्कचित्रं काढायचा. त्याच्या अशा कागदांचे ढीग आहेत म्हणतात. सरांनाही ती खोड होती. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांवर ते स्टाफरूममधल्या आम्हा सगळ्यांना काढायचे आणि कुणाला दाखवायचे नाहीत. ते गेल्यानंतर वहिनींनी ज्याचा त्याला कागद आणून दिला. माझ्या कागदावर मी आहे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदर खोचलेला, काखेत शाळेच्या भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ धरून लगबगीने दाराबाहेर निघालेली. मागे बाकांवर मुलं बसली आहेत, प्रत्येकाच्या हातात ब्रश. खाली बारीक अक्षरात तारीख आहे, सहामाही परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली.